उंडीला बांधलेला सुंभ

माझ्या सासुरवाडीत मला झाडपाल्याचा जाणकार समजतात. सलग तीन वर्षं आषाढातल्या अमावास्येला अख्ख्या वाडीला सातविणीच्या सालीचा रस मी पाजला, आणि त्याबद्दल गेल्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. नारळाची चटणी झाली. शाल मी अजून पांघरतो. दोन्हींवर माझा हक्क नव्हता, हे सांगायला बसलो आहे. वय शहात्तर. या वयात होण्यासारखी शिक्षा फारशी उरत नाही, म्हणून हे धैर्य.

मी रत्नागिरी शहरातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी घर बांधलं. आरे-वारेच्या रस्त्याने पुढे जाऊन आत वळलं की हे गाव लागतं. जावई दोन दिवस आला तर तो पाहुणा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कपाट, पुस्तकं आणि गुडघेदुखी घेऊन कायमचा आला तर त्याला काय म्हणायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. वाडीने विचार करून मला कायमचा पाहुणा केलं. लहानथोर सगळे मला भावोजी म्हणतात. गणपतीच्या आरतीत मी चुकीचं कडवं म्हटलं तर सगळे माझ्यामागून चुकीचं म्हणतात. जावई चुकत नाही, असा इथला नियम आहे. हा नियम माणसाला किती बिघडवू शकतो, याचा मी चालता-बोलता नमुना आहे.

आता सातविणीबद्दल. आषाढातली अमावास्या बाकीच्या मुलुखात ज्या द्रव्यासाठी गाजते ते आमच्या वाडीतही काही जण संध्याकाळी घेतातच, पण सकाळचा मान सातविणीचा. उजाडायच्या आत एकाने अनवाणी, कुणाशी न बोलता, बॅटरी न लावता कातळाच्या सड्याखाली वाहणाऱ्या पऱ्यापाशी जायचं. सातविणीच्या खोडाची साल दगडाने ठेचून काढायची, तिला लोखंड लावायचं नाही. घरी आणून मिरी, लसूण आणि जिऱ्याबरोबर पाट्यावर वाटायची, पाणी घालून गाळायची आणि त्या रसात तापवून लाल केलेली गारगोटी सोडायची. गारगोटी चरचरली की रस तयार. तो उपाशीपोटी प्यायचा आणि वर मेथीची पेज. वर्षभर ताप येत नाही, असं म्हणतात. मला शंका होती, पण जावयाने शंका काढायची नसते. चव अशी की कारलं त्यापुढे पेढा वाटावं.

काळोखात झाड चुकू नये म्हणून एक पद्धत होती. आदल्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, साल आणणाऱ्याने जाऊन झाड नीट पाहायचं आणि त्याच्या खोडाला सुंभाचा वेढा बांधून यायचं. पहाटे हाताने चाचपत जायचं आणि सुंभ लागेल तिथली साल काढायची. पद्धत शहाणपणाची होती. तिच्यात एकच खोट होती. सुंभ सोडून दुसरीकडे बांधता येत होता.

साल आणण्याचा मान माझ्या मेहुण्यांचा. हिचे थोरले भाऊ. मी त्यांना दादा म्हणतो. ते उभा जन्म लोट्याच्या एका कारखान्यात पाळ्या करत होते, पण अमावास्येची रजा त्यांनी कधी चुकवली नाही. सातवीण, कुडा, काजरा, उंडी, शिवण, सगळी झाडं ते बोटांनी ओळखायचे. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाचा सांधा धरला, की पहिली हाक दादांना. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. "डोळे बांधून रानात सोडा, साल घेऊन घरी येईन," असं ते वर्षातून निदान पंचवीस वेळा म्हणत. पंचविसाव्या वेळेला मी मनात म्हणे, बांधून बघायला हवेत एकदा.

मी खरोखर बिथरलो तो चार वर्षांपूर्वी. मुंबईहून आलेल्या दोन-तीन पोरी सातविणीचं झाड बघायला म्हणून निघाल्या, बरोबर दादा आणि मी. कोरोना नुकताच सरला होता आणि मुंबईकरांचा काढ्यांवर फार विश्वास बसला होता. मी शिकवण्याच्या सवयीने सुरुवात केली. म्हटलं, हिला सप्तपर्णी म्हणतात, कारण एका देठाभोवती बरोबर सात पानं असतात, मोजून बघा. पोरींनी मोजली. एकीच्या हातात पाच आली. दुसरीच्या सहा. दादांनी वाकून एक डहाळी मोडली, तिच्यावरचे पानांचे तीन झुबके माझ्या हातात दिले आणि शांतपणे म्हणाले, "भावोजी, झाड शाळेत गेलेलं नाय. त्याला काय ठाव, मास्तरांनी सात सांगितली हायेत ती."

पोरी हसल्या. ते वाक्य त्या संध्याकाळी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेलं. रात्रीपर्यंत मुंबई, ठाणे, डोंबिवली अशा सगळ्या चाकरमान्यांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. वाण्याच्या दुकानात गेलो तर तो अंडी मोजताना म्हणाला, "सातच देऊ ना, भावोजी?" जावयाला इतकी थट्टा सहन करायची सवय नसते. मी दुसऱ्याच दिवशी ठरवलं, दादांना एकदा तरी चुकवायचं.

योजना साधी होती. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी दादा सुंभ बांधून परतले की मी फिरायला गेल्यासारखं पऱ्यापाशी जायचं, सातविणीचा सुंभ सोडायचा आणि दुसऱ्या झाडाला बांधायचा. पहाटे दादा भलतीच साल घेऊन येतील. त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाटा मांडलेला असेल, सगळी वाडी जमलेली असेल. मी आरामात पोचेन, साल हातात घेईन, वास घेईन आणि म्हणेन, "दादा, ही सातवीण शाळेत गेलेली दिसत नाही." मग सगळे हसतील, दादा खजील होतील, उजेडात जाऊन खरी साल आणतील, आणि मी ते वाक्य उरलेल्या जन्मात पुरवून पुरवून वापरीन. पिण्याचा प्रश्नच नव्हता. मी थांबवणारच होतो.

संध्याकाळी पाऊस थोडा उघडला होता. सातविणीपासून दहा पावलांवर एक उंडी होती, साधारण तेवढ्याच घेराची. उंडीचं तेल सांध्यांना चोळतात, ते आमच्याकडे घरोघर असतं. पोटात मात्र कुणी घेत नाही. मी सुंभ सोडला, उंडीला बांधला, हात पुसले आणि शीळ घालत घरी आलो. उंडीपासून तीन हातांवर काजऱ्याचं झाड होतं. ते मी त्या संध्याकाळी बघितलंसुद्धा नाही. काजऱ्याची साल पोटात गेली तर माणूस आखडून मरतो, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. उंडी निवडली ती उंडी म्हणून नव्हे, तिच्यापाशी चिखल कमी होता म्हणून. नंतर तीन वर्षं मला जागं ठेवलं ते ह्या चिखलाने.

पहाटे मला जाग आली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. जाग आली होती. मी वेळेत उठलो, दात घासले, चांगला सदरा घातला. विनोद करायला जाताना माणूस नीटनेटका असावा. पण त्या दिवशी दादांच्या शेतावर लावणीसाठी माणसं येणार होती, म्हणून त्यांनी सगळं तासभर आधी, जमले तेवढ्यांतच, उरकलं. मी खळ्यात पाय ठेवला तेव्हा गारगोटी चरचरून थंड झाली होती आणि सातजण रस पिऊन तोंड वाकडं करत पेजेची वाट बघत होते.

वहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, माझ्या हातात पेला दिला. जावयाचा पेला मोठा. रस नेहमीसारखा हिरवट नव्हता, पिवळसर होता आणि पेल्याच्या काठाला चिकटत होता. त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. मी उघडलंही. पण सात माणसं पिऊन झाली होती. आता बोलणं म्हणजे विनोद नव्हता, कबुली होती. शब्द जुळवतो आहे तोपर्यंत शेजारच्या आजोबांनी पेला रिकामा केला. नवव्या वहिनी. त्या नेहमी शेवटी घेतात, आणि पेल्यात तळाला जे जाड उरतं तेही बोटाने पुसून घेतात, कारण टाकायचं नसतं.

मी जास्वंदीकडे पाठ करून उभा राहिलो, पेला मागच्या मागे ओतला, ओठ पुसले आणि म्हणालो, "उत्तम."

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती नीट सांगितली तर वाचणाऱ्याला हसू येईल, आणि मी ते हसू मागावं अशी माझी लायकी नाही. तरी सांगतो. नऊ माणसं आणि आसपासच्या तीन घरांत मिळून चार संडास. तासाभरात पाखाडीच्या पायऱ्यांवरून लोक असे वर-खाली धावायला लागले की लावणीला आलेल्या बायकांना वाटलं कुठे तरी आग लागली. आजोबा आमच्याकडे आले ते अकरा वाजेपर्यंत बाहेरच पडले नाहीत. दाराला कडी लावून आतूनच ते देवाची क्षमा मागत होते. मी बाहेर उभा होतो आणि क्षमा कुणी मागायला हवी ते मला कळत होतं.

वहिनींचं मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. टेम्पोत घालून आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सलाइन लावताना त्यांचा हात हलला नाही. त्यांनी विचारलं, काय प्यायलात? दादा म्हणाले, सातवीण, माझ्या हातची. कुणीतरी शहाणपणाने उरलेल्या सालीचा तुकडा पिशवीतून आणला होता. डॉक्टरीणबाई इथल्याच, नाट्याकडच्या. त्यांनी तो तुकडा नखाने खरवडला, बोटाला लागलेला चिकट चीक बघितला आणि म्हणाल्या, "काका, ही सातवीण नाही. उंडी दिसतेय." त्यांनी मोबाइलवर दोन्ही झाडांच्या सालींचे फोटो शोधून दादांसमोर धरले.

दादांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, तिरका केला. मग हळूच म्हणाले, "मला दिसत नाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं तरी झाली असावीत. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. उंडीचीच पानं पाण्यात भिजत घालून त्या पाण्याने ते रोज डोळे धूत होते, आणि मला वाटे म्हातारा चेहरा टवटवीत ठेवतो. पानांनी मोतीबिंदू जात नसतो, तो काढावा लागतो, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिथेच सुनावलं. डोळे बांधून रानात सोडा, असं जो माणूस म्हणत होता तो खरं तर डोळे बांधल्यासारखाच रानात जात होता, हाताने बांधलेल्या सुंभाच्या भरवशावर. आणि मी तो सुंभ हलवला होता.

वहिनी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. डॉक्टरीणबाईंनी वाडीला बजावलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण ह्या सगळ्यात तेवढीच उपयोगाची गोष्ट आहे. खरी सातवीण असली तरी ती पेले भरून प्यायची वस्तू नाही. एका सालीत औषध किती आणि विष किती, हे पाट्यावर कळत नाही. गरोदर बाईने, मुलांनी आणि ज्यांना रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा काळजाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तिला तोंड लावायचं नाही. आणि ताप आला तर केंद्रात यायचं, पऱ्यावर जायचं नाही.

त्या रविवारी वाडीची बैठक झाली. दादा स्वतःच उभे राहिले. "चूक माझी. झाड मी बघितलं, सुंभ मी बांधला, साल मी आणली. आता माझ्या हातचं कुणी घेऊ नका." मग आजोबा म्हणाले, प्रथा मोडायची नाही, पण आता जाणत्या माणसाच्या हाती द्यावी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शास्त्राचा मास्तर, शिवाय जावई. मी तोंड उघडलं आणि पुन्हा एकदा माझ्या तोंडातून चुकीचा शब्द निघाला. मी म्हणालो, "बघू."

तीन वर्षं मी साल आणली. उजेडात, फांदी-पानांसकट, फोटो काढून. पेल्याऐवजी चहाचा चमचा ठेवला. डॉक्टरीणबाईंचे नियम कागदावर लिहून खांबाला लावले. अर्थात कुणाला काही झालं नाही. चमचाभराने काय होणार? लोक म्हणाले, भावोजींनी शास्त्र आणलं. मुंबईच्या एकाने विचारलं, कॅप्सूल करता येतील का.

आणि दादा? डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दृष्टी लख्ख आली. सुईत दोरा ओवायला लागले. पण झाडाला हात लावेनात. कुणी विचारायला आलं तर म्हणत, भावोजींना विचारा. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. सुनेने परसातून कढीपत्ता आणायला सांगितला. दादांनी डहाळी आणली, तिच्यासमोर धरली आणि विचारलं, "हा कढीपत्ताच ना गो?" सून हसली. तिला ती थट्टा वाटली. मी चहा तसाच ठेवून उठलो.

सत्काराच्या संध्याकाळी मी शाल खांद्यावर घेऊन उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हटलं, त्या वर्षी सुंभ मी हलवला होता. दादांची चूक नव्हती. माझी होती, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो.

मग आजोबांनी डोळे पुसले. "बघा," ते लोकांना म्हणाले, "मेहुण्यावरचा डाग पुसायला माणूस स्वतःवर घेतोय. असा जावई मिळायला पुण्य लागतं." टाळ्या झाल्या. मी ओरडून सांगत होतो की खरंच मी, आणि जितकं ओरडलो तितक्या टाळ्या वाढल्या. दादा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा सावकाश. त्यांना मी त्यांची कीव करतोय असं वाटलं होतं. मी कबुली दिली आणि त्यांचा आणखी अपमान केला.

बायकोला घरी येऊन पुन्हा सांगितलं. तिने मात्र लगेच मान्य केलं.

"तुम्ही प्यायला नव्हतात ते मला तेव्हाच कळलेलं," ती म्हणाली. "दर वर्षी घोटभर पिऊन अर्धा दिवस कण्हता. त्या दिवशी उत्तम म्हणालात. चुकवलंत एवढंच वाटलं मला. सुंभाचं नव्हतं माहीत." थोडा वेळ ती भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तीन वर्षं भोगलं ते माझ्या भावाने, मी नाही. जा आणि त्याला एकट्याला सांगा. शाल घरी ठेवून जा."

गेलो. दादा पडवीत बसून आमसुलं निवडत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. सात पानांपासून चिखलापर्यंत आणि चिखलापासून जास्वंदीपर्यंत. काही गाळलं नाही. त्यांचा हात आमसुलांत चालतच राहिला. मी थांबलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते असं.

"उंडीला किती उंचीवर बांधला होता?"

मी छातीशी हात धरून दाखवलं.

"मी कंबरेला बांधतो," ते म्हणाले. "पहाटे वाटलंच होतं, वर कसा. म्हटलं, म्हातारा झालो, विसरलो असेन." त्यांनी हात पुसले. "वासही वेगळा आला होता. चीक हाताला चिकटला. नाक सांगत होतं, बोटं सांगत होती. पण सुंभ माझा. म्हणून मी सुंभाचं ऐकलं."

मला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग नाही आला. आधी काहीतरी सुटलं. ते आपल्या हातांकडे, पुढून-मागून, उलटेसुलटे करून बघत होते.

"म्हणजे हात चुकला नव्हता," ते म्हणाले.

राग नंतर आला, आणि चांगला आला. इतक्या वर्षांत जे कुणी मला म्हटलं नव्हतं ते सगळं त्यांनी दहा मिनिटांत म्हटलं, तेही एकेरीत. काजऱ्याचं झाड कुठे आहे ते मला माहीत आहे का, असंही विचारलं. माहीत आहे म्हणालो. "तिला मारली असतीस," ते आतल्या दाराकडे बोट करून म्हणाले. "आणि मी समजलो असतो मीच मारली." आतून वहिनी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून इतकंच म्हणाल्या, "मी तळ पुसून प्यायले होते, भावोजी. तुमच्यासमोर."

नऊ महिने दादा माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या दारावरून जाताना समोरच्या गडग्याच्या दगडांकडे बघत जात. पण त्या नऊ महिन्यांत मी त्यांना दोनदा पऱ्यापाशी बघितलं, झाडांच्या खोडांवर हात ठेवून उभे असलेले.

ह्या आषाढात, अमावास्येला आठ दिवस असताना ते माझ्या खळ्यात आले. बसले नाहीत. "औंदा साल मी आणणार," म्हणाले. "उजेडात. तू मागून यायचंस, हात न लावता. रस मी करणार, चमचा तुझाच ठेवू. पण पहिला तू प्यायचा, सगळ्यांसमोर, आणि तासभर तिथेच बसायचं. तासाभराने ज्याला वाटेल तो घेईल. नाय वाटलं तर मी पुन्यांदा विचारणार नाय."

मी म्हटलं, आणि लोकांना खरं कधी कळणार? ते म्हणाले, "तोंडाने सांगून बघितलंस ना? मास्तराचं बोललेलं कोण ऐकतो? लिही. छापलेलं लोकांना खरं वाटतं."

अमावास्येच्या सकाळी मी त्यांच्या मागून गेलो. वाटेत त्यांनी प्रत्येक झाडाला हात लावला आणि नाव घेतलं, मला ऐकू जाईल इतपत. शिवण. कुडा. उंडी, इथे जरा थांबून. काजरा, इथे जास्त थांबून. मग सातविणीपाशी जाऊन दगड उचलला. एक डहाळी माझ्याकडे टाकली, तिच्यावर पानांचे झुबके होते. मी मोजली नाहीत.

खळ्यात वाडी जमली होती, पण कुणी पुढे येत नव्हतं. पाट्याचा आवाज तेवढा होता. गारगोटी चरचरली. दादांनी चमचा भरला आणि माझ्यापुढे केला. मी प्यायलो. वहिनी म्हणाल्या, "भावोजींच्या मागे जास्वंद नाही ना, ते बघा कुणीतरी." चार-पाच जण हसले. बाकीच्यांना कळलं नाही.

मग तो तास. माझ्या आयुष्यात माझ्या पोटाकडे इतक्या माणसांनी इतका वेळ बघितलेलं नाही. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं, काय वाटतंय? मी म्हणे, कडू. एकदा मला ढेकर आला तर मागची रांग दोन पावलं सरकली. आजोबा माझी नाडी धरून बसले होते, पण मनगटाच्या भलत्याच बाजूला. दादा कुणाकडे बघत नव्हते. पाट्यापाशी उकिडवे बसून रसावर झाकण धरून होते, जणू तो उडून जाईल.

तास झाला तेव्हा कुणी हललं नाही. मी उभा राहिलो, चालून दाखवलं. तरी कुणी नाही. दादांनी झाकण ठेवलं आणि पातेलं उचलायला हात घातला, आत नेण्यासाठी.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, पुढे आल्या आणि हात पुढे केला. दादांनी त्यांच्याकडे बघितलं. मग चमचा भरला, काठोकाठ, एक थेंब न सांडता. वहिनींनी घेतला, तोंड वाकडं केलं आणि चमचा पुन्हा पुढे धरला. दादा म्हणाले, एकच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, मला नको, मागे सून उभी आहे, तिला.

सून आली. तिच्यामागून आजोबा. मग रांग लागली.

रांगेतून परतताना आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावोजी," ते कानात म्हणाले, "मेहुण्याची पत परत यावी म्हणून स्वतःचं पोट पणाला लावलंत. असा जावई होणे नाही." मी दादांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. ते पुढच्याचा चमचा भरत होते.

"बघतोस ना?" ते मान वर न करता म्हणाले. "आजच बस लिहायला."